शेऱ्याचा रकाना

आमच्या बिल्डिंगमध्ये एकाही माणसाला टीव्ही बघता येत नव्हता. डोंबिवली पूर्वेला तीन मजल्यांची, बारा बिऱ्हाडांची ती बिल्डिंग. त्यात सात टीव्ही होते आणि बघणारा एकटा मी होतो. बाकीचे टीव्हीसमोर बसून जेवायचे, शेंगा सोलायचे, पोरांना धपाटे घालायचे, आणि मधूनच मान वर करून "हा कोण रे?" असं विचारायचे. उत्तर मिळायच्या आत मान पुन्हा ताटात गेलेली असायची. ऐंशीच्या दशकात टीव्ही आला आणि लोकांना गाण्याची गोडी लागली असं जे म्हणतात, त्यांनी आमच्या बिल्डिंगमध्ये एक शनिवार काढायला हवा होता.

शनिवार म्हणजे त्या कार्यक्रमाचा वार. संध्याकाळी लागायचा, तासभर चालायचा. त्याचं नाव मी सांगत नाही, कारण नाव सांगितलं की माझ्या वयाचे लोक डोळे मिटून "अहाहा, काय दिवस होते" म्हणतात, आणि मला त्या अहाहाचा तिटकारा आहे. अहाहा करण्यासारखं त्यात फार थोडं होतं. स्टुडिओत पुठ्ठ्याचा चंद्र टांगलेला असायचा. खाली प्लास्टिकच्या कुंड्या, त्यांत प्लास्टिकची पानं, आणि पानांवर खरी धूळ. आधी दोन भावगीतं, मग एखादं वाद्य, मग जादूगार किंवा नकलाकार, मग लोकनृत्य, आणि शेवटी सगळ्यांनी मिळून समूहगीत. वाजवायला एकसारखे कोट घातलेले अकरा जण. त्यांतला डावीकडचा अकॉर्डियनवाला मला सहा वर्षांत एकदाच हसताना दिसला, तेही निवेदिकेचा माईक बंद पडला तेव्हा.

हा कार्यक्रम मला प्राणापलीकडे आवडायचा. हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही, आज सांगतो. सुरुवातीची ती व्हायोलिनची सुरावट लागली की मी खुर्ची टीव्हीजवळ ओढायचो. आठवडाभर ज्या माणसाला कुणी विचारत नाही, त्याच्यासाठी कुणीतरी कोट घालून, केस विंचरून, अकरा वाद्यं घेऊन बसलं आहे असं वाटायचं. पण आवडतं म्हणून सांगायचं म्हणजे खालच्या मजल्यावरच्या शेंगा सोलणाऱ्यांच्या पंगतीत जाऊन बसायचं. ते मला जमण्यासारखं नव्हतं. त्यापेक्षा मी नावं ठेवायचो.

नावं ठेवायला मी वही केलेली. माझी नोकरी ठाण्याला, एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात; उशिरा येणाऱ्या कामगारांच्या नावापुढे लाल खूण करणं हे माझं काम, आणि ते मी आवडीने करायचो. टेंभी नाक्याजवळच्या एका दुकानातून लांबट, लाल कापडी बांधणीची वही आणली आणि पट्टीने रकाने आखले. तारीख, कलाकार, काय सादर केलं, निवेदिकेची साडी, आणि शेवटी शेरा. टीव्ही ब्लॅक अँड व्हाइट, त्यामुळे साडीच्या रकान्यात गडद किंवा फिकी एवढंच लिहिता यायचं. खरी मेहनत शेऱ्यात होती. "रडका." "बेसूर, पण आत्मविश्वास दांडगा." "जादूगाराचे कबूतर जादूगारापेक्षा हुशार." "भिकार." "अतिभिकार." फारच खूश झालो तर "बरे" असं लिहायचो. बरेच्या वर माझ्याकडे शब्दच नव्हता.

शनिवारी संध्याकाळी मी दाराला कडी घालायचो. आई, वडील दोघांनी गप्प बसायचं, कुकर आधीच उतरवून ठेवायचा, आणि बेल वाजली तरी उठायचं नाही. बिल्डिंगमधले लोक मला वहीवाला म्हणायचे. म्हणोत बापडे. पण त्यांच्यात भांडण लागलं की अमकी गायिका दिवाळीच्या आधी आलेली की नंतर, तर जिना चढून माझ्याकडेच यायचे. मी दार अर्धवट उघडून, वही बघून, निकाल द्यायचो आणि दार लावून घ्यायचो. सहा वर्षांत एकही शनिवार सुटला नव्हता, एकही रकाना रिकामा नव्हता. गाढवांना गुळाची चव नसली तरी गूळ कुणाकडे आहे हे त्यांना माहीत होतं.

सुटला तो एकच शनिवार, आणि तो माझ्या आईमुळे. तिने आंबिवलीला एक मुलगी बघायचं ठरवलं. मी म्हटलं रविवारी जाऊ. मुलीकडचे म्हणाले रविवारी दुसरे लोक येताहेत. आईने डोळ्यांना पदर लावला आणि मी हरलो. जाताना कुणाला सांगायचं नाही, आधी गाजावाजा केला की फिसकटतं, असं आईचं मत. त्यामुळे आम्ही तिघं दुपारी उन्हातच, एकेक करून, चोरासारखे जिना उतरलो. बिल्डिंगमध्ये कोणाला पत्ता लागला नाही, आणि संध्याकाळी आमचं दार बंद दिसलं तर ते नेहमीचंच होतं.

आंबिवलीच्या त्या घरात मला बसवलं ते थेट टीव्हीसमोर. शटरचा टीव्ही होता, आणि पाहुणे येणार म्हणून शटर ओढून त्यावर विणलेला रुमाल टाकलेला. त्यावर काचेची बदकं. कार्यक्रमाची वेळ झाली. शेजारच्या घरातून व्हायोलिनची सुरावट ऐकू आली आणि कुणीतरी खिडकी लावून घेतली. मुलीच्या वडिलांनी माझी चुळबुळ बघून विचारलं, "टीव्ही लावू का?" आई घाईघाईने म्हणाली, "छे छे, टीव्ही काय रोजचाच आहे. आपण बोलू या." मग मुलीला गाणं म्हणायला लावलं. तिने खाली मान घालून एक भावगीत म्हटलं. मी मनातल्या मनात "सुमार, श्वास अपुरा" असा शेरा दिला आणि तासभर त्या बदकांकडे बघत बसलो. आठवड्याने नकार आला, तो त्यांच्याकडून. मुलगा आमच्या टीव्हीच्या बंद दारांशी लग्न करायला आलेला दिसतो, असं मुलगी म्हणाली म्हणे. त्या मुलीला माझ्यापेक्षा जास्त अक्कल होती हे आज कबूल करायला हरकत नाही.

रविवारी सकाळी उठलो तेव्हा समोर पहिला प्रश्न रिकाम्या रकान्यांचा. कुणाला तरी विचारता आलं असतं. पण मी विचारायचं, आणि ते शेंगा सोलणाऱ्यांना? शनिवारचा पेपर काढला. त्यात टीव्हीचे कार्यक्रम छापलेले असायचे. लिहिलं होतं: भावगीते, सतारवादन, जादूचे प्रयोग, समूहगान. मी पेन उघडलं आणि ओळीने उतरवून काढलं. साडी: गडद. भावगीतांना "रडकी". जादूगाराला "हात चलाख, तोंड नव्हे". सतारवादनाला "बरे, पण लांबले". न बघता शेरे लिहायला मला बघून लिहिण्यापेक्षा कमी वेळ लागला. त्यात काही चुकतंय असं वाटलं नाही. उलट, सहा वर्षं बघितल्यावर आता बघायची गरजच काय, असा तोरा मनात आला.

शाई वाळायच्या आत कोळीण आली.

ती कळव्याच्या कोळीवाड्यातून यायची. रविवारी, बुधवारी, शुक्रवारी सकाळी टोपली घेऊन आमच्या बिल्डिंगचे तीन मजले चढायची. पस्तिशीची असेल. भावात एक पैसा कमी न करणारी, आणि बायका घासाघीस करायला लागल्या की टोपलीवर फडकं ओढून सरळ उठणारी. त्या दिवशी मात्र ती प्रत्येक दारात आधी दुसरंच काही विचारत वर येत होती. माझ्या दारात पोचली तेव्हा तिच्यामागे दोघी-तिघी शेजारणी आणि तळमजल्यावरचे निवृत्त मास्तर, असं लटांबर होतं. मास्तरांनीच तिला माझ्याकडे आणलेलं.

"दादा," ती टोपली उतरवून म्हणाली, "काल सांजच्याला टीवीवं आमी दिसलो कं?"

"आम्ही म्हणजे कोण?"

"आमी कोलनी. माजी आय पुरं गाते आन आमी सात जनी मागं नाचतो." मग तिने सगळं सांगितलं. महिन्यापूर्वी एक साहेब गावात आलेला. त्याने आठ जणींना टीव्हीच्या ऑफिसात नेऊन गाणं आणि नाच मशीनमध्ये भरून घेतला. आणि परवा रात्री अचानक निरोप पाठवला, शनिवारी दाखवणार म्हणून. "सगला कोलीवारा देवलापुरं टीवी लावून बसलेला. आन सुरू झाला नाय तं लाईट गेली. ती पार झोपाच्या टायमाला आली. कोनीच नाय बगितला."

बिल्डिंगमध्ये दिवे होते, सातही टीव्ही चालू होते, तरी खालपासून वरपर्यंत कुणालाच धड आठवत नव्हतं. लोकनृत्य लागलं की आमच्याकडे बायका चहा टाकायला उठायच्या आणि पुरुष मोरीत जायचे. एकीला काल नेपाळी नाच झाल्यासारखं वाटत होतं. दुसरी म्हणाली, तो मागच्या शनिवारी. कोळणीने सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि माझ्याकडे वळली.

"मास्तर बोलले तुमी लिवता. लिवलेला खोटा नसतं. येवराच सांगा दादा, आयचा आवाज आला कं?"

"आवाजाचं काय?"

"तो साहेब बोललेला, म्हातारीचा आवाज लय चिरका हाय, बगू ठेवाचा क कापाचा. आय कालधरनं जेवली नाय. बोलते, कापला असंल तं मी आता मांडवान बसनार नाय."

मांडवात बसणं म्हणजे काय हे मला माहीत होतं. कारखान्यात कळव्याचे बरेच कामगार होते. तिची आई धवलारीण. आगरी-कोळ्यांच्या लग्नात हळदीपासून प्रत्येक विधीचं वेगळं गाणं असतं, आणि ती सगळी गाणी ज्या बाईला येतात ती धवलारीण. ती मांडवात बसून गाते आणि तिचं गाणं झाल्याशिवाय पुढचं काही हलत नाही. ती म्हातारी चाळीस वर्षं गावच्या पोरींना हळद लावून देत आली होती, आणि आता उपाशी बसून विचारत होती की तिचा आवाज लोकांनी ऐकण्याच्या लायकीचा ठरला की नाही.

मला फक्त "मी काल घरी नव्हतो" एवढंच म्हणायचं होतं. मी ते म्हणालो नाही. दारात मास्तर होते, शेजारणी होत्या. मी नव्हतो म्हटल्यावर "मग वहीत काय लिहिलंस?" हा प्रश्न आलाच असता. शिवाय एका कोळणीने येऊन माझ्या वहीला तपासणी लावावी याचा मला रागही आला. मी आत जाऊन वही आणली आणि टाइम ऑफिसात खूण करायच्या आधी फिरवायचो तसं बोट फिरवलं.

"भावगीतं. सतारवादन. जादू. समूहगान. कोळीनृत्य नाही."

"बराबर बगा ना दादा."

"बरोबरच बघितलंय. सतारवादन, शेरा: बरे, पण लांबले. सतार लांबली, तुमचं राहिलं असेल."

मास्तर चाचरत म्हणाले, "पण अरे, काल बायकांचं काहीतरी होतं बुवा. मी चष्मा काढून पडलेलो, पण आवाज आला. म्हाताऱ्या बाईचा आवाज. चांगला खणखणीत."

"मास्तर," मी म्हणालो, "मागच्या महिन्यात तुम्ही सनईला क्लॅरिनेट म्हणालेलात."

शेजारणी फिसकन हसल्या. मास्तरांनी माघार घेतली. "असेल बुवा. तू लिहितोस, तुझं खरं."

कोळीण हसली नाही. वाचता येत नसताना ती वहीच्या त्या पानाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "म्हंजे कापला." माझ्या आईने पापलेटाची जोडी घेतली तेव्हा तिने फक्त भाव सांगितला, आणि टोपली डोक्यावर घेऊन जिना उतरली.

दार लावल्यावर आई हळूच म्हणाली, "अरे, आपण तर काल आंबिवलीला गेलेलो."

"पेपरात छापलंय. पेपर काय खोटं सांगतो?"

"तू पेपरातलं म्हणून सांगितलंस का तिला?"

"गप बस गं आई," मी म्हणालो. त्यानंतर आई त्या कोळणीशी कधी घासाघीस करत नसे, सांगेल तो भाव देऊन टाकायची. मला वाटायचं आईचं वय झालं.

पुढची बारा-तेरा वर्षं मी आणखी कशाकशाचा तिरस्कार करण्यात घालवली. शनिवारचा कार्यक्रम बंद झाला. वही संपली होती, दुसरी अर्धी भरली होती. दोन्ही माळ्यावर गेल्या. बिल्डिंगवरून केबलच्या काळ्या वायरी लोंबायला लागल्या. त्यांतून जी गाणी घरात आली ती गाणी होती की दंगल होती हे मला कधीच कळलं नाही. परीक्षक रडतात, गाणारे रडतात, गाणाऱ्यांच्या आया रडतात, आणि मध्ये वेळ उरला तर कुणीतरी गातं. खालचे शेंगा सोलणारे आता रिमोट घेऊन शेंगा सोलायचे, एवढाच फरक. मग ठाण्यातले कारखाने बंद पडत गेले, त्यांत आमचाही गेला. उशिरा येणाऱ्यांची नोंद करायला माणसंच उरली नाहीत. मी दुपारचा घरी बसायला लागलो.

अशाच एका दुपारी, रंगीत टीव्हीवर चॅनेल बदलता बदलता ती व्हायोलिनची सुरावट लागली. जुने कार्यक्रम पुन्हा दाखवत होते. दुपारी, म्हणजे जेव्हा कुणी बघत नाही तेव्हा. मी पूर्वीसारखीच खुर्ची टीव्हीजवळ ओढली. पहिल्यांदाच मी तो कार्यक्रम रंगांत बघत होतो. चंद्र पिवळा नव्हता, चक्क गुलाबी होता. अकरा जणांचे कोट चॉकलेटी होते. मी स्टूल ठेवून माळ्यावरून वह्या काढल्या, धूळ झटकली, आणि भावगीतांवरून तारीख शोधायला लागलो. ही दोन्ही गाणी माझ्या वहीत एकत्र कुठेच नव्हती. सहा वर्षांत माझ्याकडून असं काही सुटलं असेल हे मला पटेना.

मग निवेदिका आली. पांढरी साडी, अंबाड्यावर गजरा. म्हणाली, "आजचे सतारवादक काही कारणाने येऊ शकलेले नाहीत. त्यांच्याऐवजी आपण ऐकणार आहोत, पाहणार आहोत, ठाण्याच्या खाडीकाठच्या कोळी भगिनींना."

मी वही उघडून ते पान काढलं. साडी: गडद. सतारवादन: बरे, पण लांबले.

पडद्यावर सात जणी हिरव्या-लाल लुगड्यांत, आणि पुढे एक बुटकी म्हातारी, नाकात नथ, हात दोन्ही बाजूंना सरळ सोडलेले. दुसऱ्या रांगेत आमची कोळीण होती, तेव्हाच्या वयाची, चुकीच्या कॅमेऱ्याकडे बघून हसणारी. वाद्यवृंदाने नेहमीसारखी घाई केली. ते अकरा जण असे पळत सुटले की नाचणाऱ्यांची पावलं चुकायला लागली. म्हातारी पळाली नाही. तिने तिच्या चालीने गायला सुरुवात केली आणि ती चाल सोडली नाही. आवाज चिरका होताच, पण लांबून, पाण्यावरून हाक मारावी तसा थेट येत होता. दुसऱ्या कडव्याला ढोलकीवाल्याने हात आवरता घेतला. मग व्हायोलिनं आवरती झाली. तिसऱ्या कडव्याला अकराच्या अकरा जण त्या म्हातारीच्या मागून चालत होते, आणि डावीकडचा अकॉर्डियनवाला वाजवायचं थांबवून तिच्याकडे बघत होता. तो हसत होता. म्हणजे तो सहा वर्षांत दोनदा हसलेला.

त्या कार्यक्रमात मी इतकं चांगलं दुसरं काही ऐकलं नाही. गाणं संपलं आणि जादूगार आला. मी टीव्ही बंद केला. मला रडू आलं, आणि रडण्यापेक्षा जास्त स्वतःची शिसारी आली. मास्तरांनी चष्म्याशिवाय, पडल्या पडल्या जे ऐकलं, ते मी सहा वर्षं रकाने आखून ऐकायला बसलो होतो, आणि त्या एका दिवशी मी बदकं बघत होतो. ते बिचारे मास्तरही तोवर गेले होते.

दुसऱ्या दिवशी वही पिशवीत घालून कळव्याला गेलो. कोळीण दोनेक वर्षांपासून आमच्याकडे यायची बंद झालेली, गुडघे गेले म्हणून. कोळीवाड्यात विचारत गेलो तर पोरांनी घर दाखवलं. ती अंगणात काठ्यांवर बोंबील सुकत घालत होती. केस पांढरे झालेले. मला तिने ओळखलं, पण मला तिचं नाव माहीत नव्हतं तसं तिलाही माझं माहीत नसावं. "वहीवाले दादा," म्हणाली, आणि बसायला फळी दिली.

"आई कुठे आहे?" मी विचारलं.

"आय दोन वर्सां झाली गेली." तिने हातातला बोंबील काठीवर अडकवला. "कनाला इचारताव?"

मी सगळं सांगितलं. आंबिवली, बंद शटर, पेपर, सगळं. कार्यक्रम परत लागला, काल बघितला, असं म्हणालो. ती काम थांबवून ऐकत होती.

"आयचा आवाज आला?"

"आला."

"पुरा?"

"पुरा. शेवटपर्यंत. सगळे वाजवणारे तिच्यामागून गेले. इतकं चांगलं गाणं त्या कार्यक्रमात झालंच नाही."

तिने हात लुगड्याला पुसले. मग म्हणाली, "त्या दिवसाधरनं ती मांडवान बसली नाय. माज्या पोरीच्या हलदीला पन नाय. पोरीनं पाय धरले. आय बोलली, माजा आवाज कापलेला हाय, शुभकार्यान नको. भितीला टेकून बसली आन आमी टेप लावला."

मी पिशवीतून वही काढली. तिने वहीकडे बोट केलं.

"तवा काय वाचलेलाव, ता परत वाचा."

मी वाचलं. "सतारवादन. बरे, पण लांबले."

"तो सतारवाला आलेला कं?"

"नाही."

"जो आलाच नाय, त्याला तुमी बरा बोललाव." ती माझ्याकडे बघत होती. मी आयुष्यभर लोकांकडे जसं बघत आलो, तसंच, पण तिला तसं बघण्याचा हक्क होता. "साहेबानं ठेवलेला आयचा आवाज. कापला तुमी."

मी पेन उघडलं. पट्टीही आणली होती. ते सतारवादन खोडून तिथे, तिला विचारून, तिच्या आईचं नाव आणि पुढे शेरा लिहायचा, असं मी गाडीत ठरवून आलेलो. शेरा काय लिहायचा तेवढं सुचलं नव्हतं.

"आता हात लावू नको," ती म्हणाली. "ऱ्हाऊ दे तसाच." आणि बोंबील उलटे करायला गेली.

मी घरी आलो. ते पान अजून तसंच आहे.